सोलापुरात इंटिरियर डिझाइन शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं इंटिरियर डिझाइनचं शेवटचं वर्ष संपत आलंय. ज्युनियर मुलं-मुली, त्यांचे पालक, चाटी गल्लीत बाबांच्या कापडदुकानात येणारी गिऱ्हाइकं, शेजारच्या काकू, सगळे मला साधारण तेच प्रश्न विचारतात. उभ्या उभ्या उत्तर देताना निम्मं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत. तुमच्या कॉलेजचा अभ्यासक्रम थोडा वेगळा असू शकेल.

इंटिरियर डिझाइन म्हणजे घर सजवणंच ना?

सजावट त्यात येते, पण फार उशिरा. पहिल्या सहा महिन्यांत आम्ही एकाही पडद्याचा रंग निवडला नाही. नुसतं मोजत होतो. आजीला सोसेल अशी पायरी किती उंच, दार उघडल्यावर पल्ला कुठवर येतो, मांडी घालून जेवायला बसलेल्या माणसाला किती रुंदी लागते (अडीच फूट धरा, शेजारच्याचा गुडघा लागत नाही). तेव्हापासून पाच मीटरचा टेप माझ्या पिशवीत कायमचा आहे.

मग आर्किटेक्टमध्ये आणि तुमच्यात फरक काय?

स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं तर १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. इंटिरियर डिझायनरला तशी कायद्याने बांधलेली नोंदणी नाही. म्हणून आपली मर्यादा आपणच पाळावी लागते. कॉलम, बीम, स्लॅब यांना हात लावायचा नाही. पेठांमधल्या जुन्या घरांत तर भिंतीच वरचा सगळा भार पेलत असतात. ‘मधली भिंत काढून हॉल मोठा करू’ असं घरमालक सहज म्हणतात, तेव्हा आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं. या बाबतीत मी कुणाचंही ऐकणार नाही.

माझी चित्रकला चांगली नाही. जमेल का?

जमेल. निसर्गचित्र काढता येणं वेगळं आणि ड्रॉइंग काढणं वेगळं. आमच्या वर्गात एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेली मुलं होती, त्यांनाही पहिल्या शीटवर रेषेचं वजन सांभाळताना घाम फुटला. ड्रॉइंगमध्ये छेदाची रेघ जिला कापते ती भिंत जाड रेषेत, त्यापलीकडचं पातळ रेषेत, हे हाताला कळायला वेळ लागतो. आणि घाम हा शब्द मी खरोखरच्या घामाबद्दल लिहितेय. एप्रिलमध्ये मनगटाखाली टिश्यू ठेवल्याशिवाय शाईची रेष काढू नका. माझी एक अख्खी सेक्शनची (उभ्या छेदाची) शीट सबमिशनच्या आदल्या रात्री कोपराच्या ओलाव्याने फिसकटली होती.

आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, मग हाताने कशाला काढायचं?

ऑटोकॅड, स्केचअप शिकायचंच आहे, त्याशिवाय काम मिळणार नाही. पण स्क्रीनवर झूम करता येतं, तिथे खोली कधीच लहान वाटत नाही. कागदावर १:५० ने काढलं की तीन मीटरची खोली सहा सेंटिमीटरची होते, आणि त्यात आपण किती कोंबतोय ते लगेच दिसतं. पहिलं वर्ष हाताने काढलेलं मला आजही उपयोगी पडतं.

कोणत्या प्रोजेक्टमधून सगळ्यात जास्त शिकलात?

दुसऱ्या वर्षाच्या स्वयंपाकघरातून. विषय होता ‘एका मध्यमवर्गीय कुटुंबाचं किचन’. मी जुळे सोलापुरातलं माझ्या आत्याचं वन बीएचके घेतलं. घरात पाच माणसं.

पहिली मांडणी मी फार उत्साहाने केली होती. एल आकाराचा ओटा, फ्रीजशेजारी उंच युनिट, मायक्रोवेव्हला कोनाडा, फिकट राखाडी लॅमिनेट, खाली एलईडीची पट्टी. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेलं हुबेहूब चित्र, तयार झाल्यावर सगळ्यात आधी आत्याला मोबाइलवर दाखवला. तिने चष्मा लावला, बोटाने चित्र मोठं केलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवलं, परत मागे आणलं. मग म्हणाली, “सगळं छान हाय गं. पर पिंप कुठं ठेवू?”

सोलापूरकरांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. उजनी धरण भरलेलं असलं तरी आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. वापरायचं पाणी गच्चीवरच्या टाकीत जातं, पण पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी घरोघरी आत भरून ठेवतात. मी याच शहरात लहानाची मोठी झाले, पाणी आलं की हातातलं टाकून हंडे भरायला धावले, आणि माझ्याच ड्रॉइंगमध्ये पाण्याला जागा नव्हती. कारण मी ज्या फोटोंवरून शिकत होते, त्यातल्या एकाही स्वयंपाकघरात पिंप नव्हतं.

त्यानंतर मी तिच्याकडे एक अख्खी सकाळ स्टुलावर बसून काढली. ट्रेसिंग पेपरवर ओट्याचा नकाशा ठेवून आत्या जिथे जिथे चालत गेली ती प्रत्येक वाट पेन्सिलीने ओढली. ही पद्धत माझी नाही. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ साली फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी आटोपशीर स्वयंपाकघर आखलं, तेव्हा कामाला लागणारा वेळ आणि पावलं मोजण्याचा असाच विचार त्यामागे होता. आत्याच्या नकाशावर सगळ्यात दाट रेषा गॅस आणि फ्रीजच्या मध्ये पडतील असं मला वाटलं होतं. पडल्या गॅस आणि पिंपाच्या मध्ये. तिचं पिंप होतं मागच्या गॅलरीत, उंबरा ओलांडून.

मग हिशेब मांडला. पाच माणसं, पाच दिवस, माणशी रोज पाच लिटर पिण्याला आणि स्वयंपाकाला, म्हणजे १२५ लिटर. त्याचं वजन १२५ किलो. प्लायवूडच्या कपाटात हे ठेवता येत नाही, चाकांच्या ट्रॉलीवरही नाही. दोनशे लिटरचं मोठं पिंप कमरेइतकं उंच असतं, ते ओट्याखाली जात नाही. लहान पिंप ओट्याखाली गेलं तर वरून ओगराळं घालायला जागा उरत नाही; झाकण काढून हात आत जायला तोंडावर निदान दीड फूट मोकळं हवं. शेवटी ओट्याच्या टोकाला, नळाची लाइन येते त्याच भिंतीला, सव्वादोन फुटांची मोकळी जागा सोडली. खाली शहाबादी फरशीचा सहा इंची कट्टा, कट्ट्याला मोरीकडे उतार, पिंपाला तळाशी तोटी. दार नाही, शटर नाही. राखाडी लॅमिनेट तसंच ठेवलं, आत्याला आवडलं होतं.

पुढे वर्गात चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याबद्दल शिकवलं. ते भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे आले होते. १९५८ च्या त्यांच्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याबद्दल लिहिलं: किती पाणी मावतं, भरलेला कसा पेलतो, रिकामा कसा, कमरेवर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते. त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) सुरू झालं. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आत्याचं निळं पिंप होतं.

पुस्तकात ओटा ८५० मिलिमीटर उंचीचा दिलाय. तोच घ्यायला काय हरकत आहे?

भाकरी थापणाऱ्या घरात हरकत आहे. आत्याची उंची १४७ सेंटिमीटर. उभं राहिल्यावर तिचं कोपर जमिनीपासून साधारण ९३ सेंटिमीटरवर येतं. ८५ च्या ओट्यावर काठवट ठेवली की तिची कड जवळजवळ कोपराच्या पातळीला येते. आता त्या उंचीवर ज्वारीचं पीठ मळून बघा. तळहाताने रेटा द्यायला खांदे वर उचलावे लागतात, अंगाचं वजन हातावर येतच नाही. म्हणून आत्या नवा ग्रॅनाइटचा ओटा सोडून खाली फरशीवर बसून भाकरी करायची, आणि सगळे म्हणायचे, तिला जुनीच सवय आहे. तिचं कोपर कुणी मोजलंच नव्हतं.

मी ओटा दोन उंचींचा केला. गॅसच्या बाजूचा ७८ सेंटिमीटर, कारण शेगडी आणि तवा मिळून वर आणखी वीतभर उंची येते. भाकरी थापायचा तुकडा ७१ सेंटिमीटर. आधी पुठ्ठे आणि विटा रचून तिला प्रत्यक्ष थापायला लावलं आणि तीनदा उंची बदलली. ल कॉर्बुझिए या वास्तुरचनाकाराने मापांची जी ‘मॉड्युलॉर’ पद्धत बसवली, तिच्यात माणूस सहा फुटांचा, १८३ सेंटिमीटरचा धरलाय. आमच्या घराण्यात एकही माणूस तेवढा उंच नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा अभ्यासक्रमात काही विचार असतो का?

विषय असतो, पण उदाहरणं बहुतेक थंड देशांतली असतात. तिथे दक्षिणेच्या उन्हाबद्दल खूप लिहिलेलं असतं. सोलापूर साधारण पावणेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्ट लागेपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे ऐन मेमध्ये दक्षिणेच्या खिडकीतून ऊन फारसं येत नाही. खरी पश्चिम भिंत छळते. चार-सव्वाचारला सूर्य इतका खाली आलेला असतो की दोन फुटांचा छज्जा खिडकीचा वरचा दीड फूटच झाकतो. बाकी सगळं ऊन काचेतून आत.

यावर मी हे शिकले: ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं. आतून कितीही जाड पडदा लावला तरी काच ओलांडून आलेली उष्णता खोलीतच राहते. बाहेरून बांबूची चिक किंवा उभ्या पट्ट्यांची जाळी जास्त काम करते. कपड्यांचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावा, भिंत तापली तरी पलंगावर तिची झळ येत नाही. वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या फरशांचे तुकडे बसवून घ्या. आतल्या फॉल्स सीलिंगपेक्षा आधी तिथे खर्च करा.

आपली हवा कोरडी असल्याने कूलर छान चालतो, पण समोरची खिडकी उघडी असेल तरच. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात दमट होतं. वर्गात जवळजवळ प्रत्येक ड्रॉइंगवर एसी असायचा. कूलरची जागा, त्याला पाणी भरायची वाट आणि समोरची खिडकी दाखवणारं ड्रॉइंग मी तरी एकच पाहिलं, आणि ते काढणारा मुलगा मोहोळचा होता.

जुन्या घरांतून काय शिकता येतं?

मेजर्ड ड्रॉइंगसाठी आम्ही दक्षिण सोलापूर तालुक्यातलं एक माळवदाचं घर मोजलं. भिंत दोन फुटांहून जाड, वर लाकडी तुळया आणि मातीचं सपाट छत, मध्ये एक झरोका. बाहेर रस्त्यावर पाय ठेवता येत नव्हता आणि माजघरात घरातल्या आजी गार फरशीवर आडव्या झाल्या होत्या. दिवसभराचं ऊन त्या भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री सगळे माळवदावर झोपायला जातात.

भिंत एवढी जाड असल्याने कोनाडे, देवळ्या, फडताळं भिंतीतच. खोलीची एक इंचही जागा जात नाही. मी सुरुवातीला माझ्या फ्लॅटच्या डिझाइनमध्ये तसाच कोनाडा काढला होता, सहा इंची भिंतीत. सरांनी फक्त विचारलं, “पलीकडे काय आहे?” पलीकडे बाथरूमची पाइपलाइन होती. जुनं घर आवडलं म्हणून त्याचा आकार उचलायचा नसतो, एवढं त्या प्रश्नातून कळलं. मग त्याच घरातली एक गोष्ट मी खरोखर वापरली: दारातून आत आल्यावर थेट खोलीत न शिरता आधी बसायला ओसरी. एका टूबीएचकेच्या दाराशी साडेतीन फुटांचा बाक आणि खाली चपलांची जागा, बस एवढंच. त्या प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले.

तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती?

ट्रेनिंगच्या काळातली. एका बेडरूमसाठी मी कपाटाचं ड्रॉइंग केलं: उंची २४०० मिलिमीटर, खोली ६००. फॉल्स सीलिंग आठ फुटांवर, म्हणजे २४३८. वर ३८ मिलिमीटरची फट राहते, मस्त बसेल, असं मला वाटलं. कपाट जमिनीवर आडवं ठेवून जोडतात आणि मग उभं करतात. आडवं उभं करताना ते तिरकं वर येतं, आणि त्याचा कर्ण २४७४ मिलिमीटरचा असतो. शाळेत शिकलेला पायथागोरस. सुतारकाकांनी आणि त्यांच्या पोरांनी ते उचललं, अर्ध्यावर आलं आणि कोपरा पीओपीत रुतला. फॉल्स सीलिंगला पेंटचा शेवटचा हातसुद्धा झाला होता.

काका ओरडले नाहीत. कपाट परत आडवं केलं, पेन्सिल कानामागून काढली, वरून दीड फुटावर रेघ मारली आणि करवत लावली. कपाट वेगळं, वरचं लॉफ्ट वेगळं. तेव्हापासून उंच काहीही काढलं की शेजारी कर्ण लिहिते. मालकिणीला मी स्वतः जाऊन सांगितलं की चूक ड्रॉइंगमधली आहे, काकांची नाही. तुम्हीही असंच करा. साइटवर चुकीचा दोष कारागिरावर ढकलणं सोपं असतं आणि तो बिचारा बहुतेक वेळा गप्प बसतो.

साइटवरची भाषा कळत नाही. काय करावं?

वही घेऊन जा. आपण मिलिमीटरमध्ये काढतो, साइट चालते फूट, इंच आणि सुतावर. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. ‘दोन सूत मार’ म्हटलं की तेवढं कापून टाकायचं. ‘भिंत गुण्यात नाही’ म्हणजे कोपरा काटकोनात नाही, आणि सोलापुरातलीच काय, कुठलीच भिंत पूर्ण गुण्यात नसते. म्हणून रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजायची आणि सगळ्यात लहान माप धरायचं.

शिवाय आपल्या गावात एका साइटवर चार भाषा असतात. माझ्या साइटवर फरशीवाले कन्नडमध्ये बोलायचे, रंगारी तेलुगूत, सुतार हिंदीत, मालक मराठीत. मी तेलुगूतले आकडे दहापर्यंत शिकले, त्याचा फार उपयोग झाला.

प्लायवूडबद्दल निदान काय माहीत असावं?

ओट्याखाली, सिंकजवळ आयएस ७१० (भारतीय मानकाचा क्रमांक) चा शिक्का असलेलं मरीन प्लाय, बाकी कोरड्या जागी आयएस ३०३ चं चालतं. शिक्का स्वतः बघा. आणि शीटचा हिशेब ड्रॉइंग करतानाच करा. आठ बाय चारची शीट २४४० बाय १२२० मिलिमीटर असते. कपाटाची खोली बरोबर दोन फूट, म्हणजे ६१० धरली, तर दोन पट्ट्या १२२० होतात आणि करवतीच्या पात्याची जाडी कुठून आणणार? ६०० धरलं की दोन पट्ट्या निघतात. त्या दहा मिलिमीटरपायी एका घरात तीन-चार शीटा जास्त लागू शकतात, आणि पैसे समोरच्या माणसाचे असतात.

लाइटिंग कसं शिकलात?

बाबांच्या दुकानात. गिऱ्हाईक साडी पसंत करतं आणि मग म्हणतं, “जरा बाहेर उजेडात दाखवा.” बाबा गेली कित्येक वर्षं साडी घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत जातात. आतल्या ट्यूबखाली मोरपंखी निळा वाटतो आणि जांभळा काळपट. कॉलेजात कलर रेंडरिंग इंडेक्स (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) शिकवला त्या संध्याकाळी मी दुकानातले दिवे तपासले. पुढे एका काउंटरवर नव्वदच्या वर इंडेक्स असलेले, ४००० केल्व्हिनचे दिवे लावले. त्या काउंटरवरून बाबा आता क्वचितच पायरीवर जातात. घरात मात्र एवढा पांढरा उजेड नको, तिथे ३००० पुरे.

वास्तुशास्त्र शिकवतात का?

आम्हाला वेगळा पेपर नव्हता. घरातल्यांची श्रद्धा असेल तर ती मापासारखीच एक अट म्हणून घ्यायची आणि तिच्यात बसेल असं चांगलं डिझाइन करायचं.

ज्युरीची, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडायची, भीती वाटते.

वाटणारच. पाणी प्या, शीट क्रमाने लावा, आणि जे सुचलं नाही ते सुचलं नाही असं सांगा.

काम सोलापुरात मिळतं की पुण्यालाच जावं लागतं?

माझ्या वर्गातले निम्म्याहून जास्त जण पुण्याला जाणार आहेत. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून तिथे मुलाखती देऊन आलेत. मोठ्या ऑफिसात शिस्त शिकायला मिळते, जायचं त्यांनी जरूर जावं. मी इथेच थांबणार आहे. होटगी रोडचे बंगले, दवाखाने, दुकानं आहेतच, पण मला वन बीएचकेवाल्यांसाठी काम करायचंय, ज्यांना वाटतं की डिझायनर आपल्यासाठी नसतो. त्यांच्या घरात प्रत्येक इंच कामाचा असतो, आणि पिंप, कूलर, पिठाचा डबा, जात्यासारखं जड सामान, देव्हारा हे सगळं तेवढ्यात बसवावं लागतं. फी किती घ्यायची, कशी घ्यायची, हे मी एका सीनियर ताईकडून शिकतेय.

आत्याचं स्वयंपाकघर शेवटी झालं का?

होतंय. जुना ओटा गेल्या आठवड्यात फोडला. आत्या सध्या गॅलरीत शेगडी मांडून स्वयंपाक करते आणि दर दोन तासांनी आत येऊन बघते. शहाबादी फरशी आलीय, भिंतीला टेकवून ठेवलीय. गवंडी सोमवारी कट्टा आणि ओटा बांधायला घेणार, म्हणून काल मी भिंतीवर ७१ सेंटिमीटरची रेघ खडूने मारून आले. आत्याने तिथे जाऊन हवेत दोन भाकरी थापून बघितल्या आणि रेघ अर्धा इंच खाली घ्यायला लावली.